हे पत्र भुंग्याबद्दल आहे

९ नोव्हेंबर
दाजींचं टायरचं दुकान, मागची खोली

तुझा कुत्रा स्वतःची शेपटी खातोय.

खेळत नाहीये, खातोय. टोकाचे केस गेले, कातडी सोलवटली, काल रक्त आलं. तुमच्या मागच्या बोळात नळाला साखळी, आणि साखळीला तो. गोल गोल फिरतो, शेपटी पकडतो, चावतो, स्वतःच केकाटतो आणि पुन्हा फिरायला लागतो. दुकानामागची बुटकी भिंत आणि तुमचा बोळ यांच्यात एका विटेचं अंतर, त्यामुळे हा कार्यक्रम मला दिवसभर फुकट बघायला मिळतो.

फाडायच्या आधी पुरतं वाच. मी माझं कॉलेज पुरं करेपर्यंत तुला माझ्याबद्दल किंवा आपल्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, अशी अट तू घातलीस. फोनवर तर मला बंदच करून टाकलंस. ठीक आहे. हे पत्र कुत्र्याबद्दल आहे. अट मोडलेली नाही. हॉस्टेलचा पत्ता तुझ्या आईने, काकूंनी, दिला, तोही भुंग्यासाठी.

तुझे पप्पा त्याला सकाळी कोपऱ्यापर्यंत नेतात, पेपर काखेत, नजर रस्त्याच्या पलीकडे, आणि परत आणून बांधतात. फिरवला की झालं. मग तो भुंकतो. भिंतीशी भुंकतो, नळाशी भुंकतो, वाळत घातलेल्या चादरीशी भुंकतो. सगळी गल्ली म्हणते, कुत्रा वेडा झाला. पप्पा म्हणतात, "आधीपासून तसाच होता. तिने लाडावून ठेवला होता."

तुला आठवतंय ना, हा मेंढ्या राखणाऱ्या जातीचा आहे? याच्या आईला शंभर मेंढ्यांतली एक कमी झालेली वास न घेता कळायची, असं तो मेंढपाळ सांगत होता. तू ऐकतच नव्हतीस. तुला त्याचे दोन रंगांचे डोळे आवडले होते. एक तपकिरी, एक निळा. "घेऊया ना," म्हणालीस. घेऊया. दोघांनी. मग आपण रोज याच भिंतीमागे त्याला काहीबाही शिकवायचो. चप्पल आण, पाना आण, दाजींची टोपी पळव. आणि एके दिवशी तू बॅग भरलीस, आणि त्याच्या वाट्याला एक नळ आला.

काकूंबरोबर मी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी शेपटीला औषध लावलं, कान, दात, पोट सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "याला काही झालेलं नाही."

"मग शेपटी का खातो?"

"दुसरं काही करायला नाही म्हणून. पाय फिरवून आणता, डोक्याचं काय? याचं डोकं रिकामं बसलंय."

हे म्हणताना त्या माझ्याकडे का बघत होत्या, मला माहीत नाही. आणि मला जाणूनही घ्यायचं नाही.

उत्तर दे. मला नको, त्याला.

काडी

(बारीक आणि लगेच पेटतो म्हणून तूच ठेवलेलं नाव. नाव बदलायची अट नव्हती.)


२३ नोव्हेंबर
दुकान

उत्तर आलं नाही. काकू म्हणाल्या, तिला अभ्यास फार आहे. असू दे. शेपटीला अभ्यास कळत नाही.

तर तुझ्या कुत्र्याची हकिकत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ताटलीत जेवण देणं बंद करा, ते त्याला कमवू दे. मी भिंतीवरून उडी मारून बोळात गेलो. जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा, आत कुस्करलेलं उकडलेलं अंडं, दोन्ही तोंडांना चिंध्यांचे बोळे. समोर ठेवला. त्याने वास घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वास घेतला आणि खाली बसला. उघडून दे, असा चेहरा.

मी ओरडलो, "अरे गाढवा, ओढ ना ती चिंधी!"

तो पोटावर चपटा झाला. कान मागे. आपण दोघं भांडायला लागलो की व्हायचा ना, तसा.

दुसऱ्या दिवशी मी बादली पालथी घातली आणि तोंड मिटून तिच्यावर बसलो. तोंड मिटून बसणं मला किती जड जातं ते तुला वेगळं सांगायला नको. त्याने ट्यूब पायाने लोटली, भिंतीवर आपटली, सोडून दिली, परत आला. मी दात आवळून गप्प. शेवटी त्याने चिंधीचं टोक दाढेत धरलं आणि मान मागे झटकली. अंडं बाहेर. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग खाल्लं. आणि त्यानंतर काय केलं माहितीय? झोपला. भर दुपारी, चादरीवर न भुंकता. झोपेत भुंग्यासारखा गुंऽऽ करत होता. ते ऐकूनच तू त्याचं नाव ठेवलं होतंस. तू गेल्यापासून तो आवाज बंद होता.

आता खोक्यात खोकं, त्यात खोकं, आत पावाचा तुकडा. गुंडाळलेलं पोतं. गाठ मारलेलं फडकं. रोज नवीन काहीतरी लागतं, कारण एकदा जमलं की तो माझ्याकडे तुच्छतेने बघतो. निळ्या डोळ्याने.

मग तुझे पप्पा विसरलेला चष्मा न्यायला मधेच घरी आले.

"भिंतीवरून आलास?"

"दार वाजवलं असतं तर उघडलं असतंत का, काका?"

त्यांनी ट्यूब बघितली, खोकी बघितली, बादली बघितली. "वा! कॉलेज सोडलंस आणि कुत्र्यांची शाळा काढलीस? इथे तरी शेवटपर्यंत बसणार, की यातूनही मधेच उठून जाणार?"

ऐकलंस? तुझंच वाक्य. तुझ्याच चालीत. परीक्षेत एका सुपरवायझरने कॉपीच्या संशयावरून भर वर्गात, चाळीस जणांसमोर माझे खिसे उलटे करून झाडले, त्यातून खडू आणि बसचं तिकीट निघालं, आणि मी उठून गेलो. तू म्हणालीस, एकच तर पेपर होता, माफी मागून परत देता आला असता. माफी मी मागायची? खिसे माझे... जाऊ दे. हे पत्र कुत्र्याबद्दल आहे.

मी पप्पांना म्हणालो, "मुलगी गेली त्याचा राग त्याच्यावर काढताय तुम्ही."

त्यांनी चष्मा पुसला. पुसतच राहिले. मग म्हणाले, "निघ."

मी भिंतीवरूनच निघालो. पण काकू आता ते कामावर गेले की बाजूचं दार ओढून घेतात, कडी लावत नाहीत. हे त्यांना कळवू नकोस.

काडी


११ डिसेंबर
दुकान

तुझं अजूनही मौनच. पण बातमी अशी आहे की न सांगून राहवत नाही, म्हणून लिहितो, तुझ्यासाठी नाही.

शेपटीला केस आलेत!

झालं असं, की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाकाला काम दे, नाकाचं काम त्याला सगळ्यात जास्त दमवेल. काकूंना सांगून मी त्याला दुपारी दुकानात आणायला लागलो. जुन्या टायरांच्या चळतीत पावाचे तुकडे लपवले. त्याने पापणी लवायच्या आत सगळे काढले आणि जांभई दिली. कोंबडीची कलेजी लपवली, तेच. म्हणून मी काकूंकडे तुझा एखादा कपडा मागितला. तुझ्या खोलीच्या दारामागे करडा स्वेटर टांगलेला होता, डाव्या बाहीचं टोक चघळलेला. चघळायचीस तू, भुंग्या नव्हे.

मी स्वेटर त्याच्या नाकाला लावला. अगं, तो थरथरला. नाकापासून शेपटीपर्यंत. मग गुंऽऽ. मी त्याला बाहेर थांबायला लावलं, स्वेटर ट्रकच्या टायरच्या पोटात कोंबला आणि म्हणालो, "तिला शोध."

टायरांवरून उड्या काय, चळतींच्या मधून काय, हवा भरायच्या मशिनखालून काय! दाजी पंक्चर काढत होते. टबात ट्यूब बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघत होते, तर हा टबातून पलीकडे. दाजी नखशिखान्त भिजले. म्हणाले, "याच्यात कोणी हवा भरली रे? जास्त झालीय, थोडी सोड." तोपर्यंत भुंग्याने स्वेटर काढून माझ्या पायाशी आणला होता आणि त्याच्यावर दोन्ही पंजे ठेवून बसला होता, कोणी हात लावून दाखवा.

आता तो कुठेही शोधतो. बंद खोक्यात, छपरावर, दाजींच्या स्कूटरच्या डिकीत. रोज दुपारी. "तिला शोध" म्हणायचा अवकाश. भुंकणं बंद, गोल फिरणं बंद. गल्लीतले लोक विचारतात, कुत्रा बदलला का? तुझ्या पप्पांना सांग, कुत्र्यांच्या शाळेचा निकाल लागला. पहिला नंबर.

स्वेटर मी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवतो, वास उडू नये म्हणून. आणि झोपताना ती पिशवी माझ्या उशाशी असते, कारण दुकानात ठेवली तर रबराचा वास लागेल. एवढंच कारण आहे.

ताईने तिच्या फोनवर तुझा फोटो दाखवला. बर्फ छान आहे. शेजारी उभा असलेला उंच माणूस कोण? मी नाही विचारत. भुंग्या विचारतोय.

काडी


२ जानेवारी
दुकान

भुंग्याने काल एका बाईंना पाडलं.

सगळं नीट सांगतो, कारण तुझ्या पप्पांकडून तुला वेगळंच कळलं असेल. गेले काही दिवस स्वेटर सापडला तरी तो थांबत नव्हता. आणायचा, ठेवायचा आणि दुकानाच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. घरी काकू आता त्याला आत घेतात, तर तुझ्या खोलीच्या दाराशी. काकू म्हणाल्या, दाराच्या खालच्या लाकडाच्या त्याने नखांनी पार चिंध्या केल्यात. रस्त्यावर पावलं वाजली की उठतो. झोपत नाही. मला वाटलं, उत्साह आहे.

काल बस-थांब्यावर एक बाई उतरल्या. करडा स्वेटर. साबण कोणता वापरत होत्या देव जाणे, पण मला तो गुंऽऽ ऐकू आला आणि पुढच्या क्षणी पट्टा माझ्या हातात अर्धाच होता. रस्त्यातून गेला, स्कूटरवाल्याने ब्रेक मारून मला आईवरून शिवी दिली. भुंग्याने त्या बाईंच्या पाठीवर दोन्ही पंजे टाकले. त्या गुडघ्यावर पडल्या, पिशवीतले कांदे थांबाभर. त्याने त्यांना वळसा घालून तोंडाचा वास घेतला.

आणि बसला. मग माझ्याकडे बघितलं. मी ओरडलो नाही, मारलं नाही, तरी तो चपटा झाला.

बाई तुझ्या पप्पांच्या ऑफिसातल्या निघाल्या. त्यांना फार काही झालं नाही, गुडघा खरचटला. पण संध्याकाळी पप्पा स्वतः दुकानात आले. आजवर ते या दुकानाची पायरी चढले नव्हते. म्हणाले, "महिनाअखेरीला तो आमच्या गोदामात जाणार. राखणीला. तिथे साखळी जाड आहे."

मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हटलं, तुम्ही सांगितलं तसंच तर केलं.

"मी काय शोधायला सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या. "तू काय म्हणून सोडतोस त्याला?"

"तिला शोध."

"मग? मिळते ती?"

"स्वेटर मिळतो."

"अरे बाबा, स्वेटर कोण शोधतंय? हा माणूस शोधतोय. तू रोज त्याला कामाला लावतोस आणि काम मधेच सोडून देतोस. डोकं चालवायला दिलंस ते उत्तम, पण शोध संपायला नको? सापडलं, संपलं, आता झोप. हा झोपेल कसा?" मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आणि खरं सांग, हा खेळ त्याच्यासाठी होता का?"

मी दार आपटून बाहेर पडलो. मग परत गेलो, कारण कुत्रा आतच राहिला होता.

त्यांना काय कळतं? तू इथे असतीस तर शोध संपला असता की नाही? मग चूक कोणाची? दार तू लावून गेलीस, आणि नखं त्याची झिजतात. मी काय, निदान त्याच्या बाजूने दाराशी उभा आहे.

एक ओळ लिही. मला नाही, पप्पांना. "गोदामात पाठवू नका." तुझं ते ऐकतात. बाकी काही मागत नाही.

काडी


१९ जानेवारी
दुकान

मिळालं तुझं पत्र. पहिलंच. इतकी वाट बघायला लावून तीन वाक्यं.

"पप्पा म्हणतात गोदामात जागा मोठी आहे, त्याला मोकळं वाटेल." बरं.

"उगाच भावनिक होऊ नकोस, तो कुत्रा आहे." हेही बरं.

"आणि आपली अट लक्षात ठेव."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, मला ती जाताना कळली. गुडघ्यात थोडी थांबली होती. मी पत्र खिशात घातलं आणि तडक ते गोदाम बघायला गेलो. तू कधी बघितलंयस? जन्मभर पप्पांच्या डब्यावर त्या गोदामाचं नाव वाचलंस, आत गेलीस कधी? मी सांगतो. जागा मोठी आहे, बरोबर. सिमेंटची पोती छताला टेकलेली, पाइप, फरश्यांचे गठ्ठे. एका लोखंडी खांबाला कडी ठोकलेली, नवीन, अजून चमकतेय. ती भुंग्याची. आणि पलीकडच्या खांबाला दुसरा एक कुत्रा आहे, आधीपासूनचा. काळा असावा. सिमेंटच्या धुळीने काही कळत नाही.

तो चालतो. साखळी जाईल तिथपर्यंत अर्धा गोल, मग वळून परत अर्धा गोल. खाली धुळीत त्याच्या पावलांची चंद्रकोर उमटलीय, कोयत्याच्या पात्यासारखी, इतकी खोल की झाडूवाला तेवढी सोडून झाडतो. भुंकत नाही. शेपटी खात नाही. काहीच करत नाही.

माझ्या खिशात भुंग्याची ट्यूब होती, अंडं भरलेली. मी त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती ओलांडली. परत येताना पुन्हा ओलांडली. मी चिंधी थोडी बाहेर ओढली, अंडं दिसेल अशी. नाही. अंडं बाहेर काढून चंद्रकोरीवरच ठेवलं. त्याचा पाय त्यावर पडला आणि तो पुढे गेला. अगं, त्याला भूक नव्हती असं नाही, बरगड्या दिसत होत्या. काही शोधलं तर सापडतं, हेच तो विसरला होता.

तेवढ्यात तुझे पप्पा आले. "बघ," म्हणाले, "किती शांत आहे. कोणाला त्रास नाही."

त्यानंतर मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. हमाल पोती टाकून बघायला जमले एवढं आठवतं. शांत? याला शांत म्हणता? आत कोणी उरलंय का विचारा त्याला! भुंग्या दार खरवडतो कारण तो अजून आहे, काका. त्याचं डोकं अजून चालू आहे. ते बंद करायला तुम्ही नवीन कडी ठोकलीत. असलं काहीतरी. शेवटी एका पोत्याला मी बुक्की मारली. सिमेंटचं पोतं होतं. हात अजून सुजलाय, अक्षर त्यामुळे असं आहे.

पप्पा उभे होते. बराच वेळ त्या कुत्र्याकडे बघत होते. रोज तिथेच असतो तो, तरी पहिल्यांदा बघितल्यासारखे. मग म्हणाले, "अंड्याची ट्यूब हीच का?"

"तुम्हाला काय माहीत ट्यूबचं?"

"तुझी पत्रं ती आम्हाला फोनवर वाचून दाखवते."

सगळी. उशाजवळची पिशवी. उंच माणूस. बाजूचं दार. म्हणजे काकू कडी लावत नाहीत हे त्यांना कधीपासूनच माहीत होतं, आणि तरी रोज कामावर निघताना ते दाराशी मोठ्याने खाकरायचे. मला वाटायचं, घसा खराब आहे. कोणावर चिडू सांग. त्यांच्यावर चिडायला गेलो तर ते खाकरणं आठवतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

पण तू? वाचताना हसत होतीस का? माझा आवाज काढून वाचलंस का? आणि मला उत्तर द्यायला तीन वाक्यं!

पप्पांनी सांगितलं, "घेऊन जा त्याला. पण मग तो तुझा. तिने परत येऊन मागितला तरी द्यायचा नाही. घरात आणायचा नाही, दार दिसलं की त्याचं पुन्हा सुरू होईल. आणि तूही यायचं नाहीस. बाजूच्या दारानेसुद्धा नाही."

त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी "हो" म्हणालो. विचार न करता. माझ्या आयुष्यात विचार न करता केलेली ही एकच गोष्ट आहे जिचा मी नंतर विचार केला, आणि पुन्हा "हो"च निघालं.

काडी


४ फेब्रुवारी
दुकान

हे पत्र नाही, पार्सलमधली चिठ्ठी आहे. मोठ्याने वाचतेच आहेस तर सुरुवातीलाच सांगतो: काका, ऐकताय ना? त्या काळ्याच्या खांबापाशी गेलात तर ट्यूब आधी उघडीच ठेवा. चिंधी नको. नुसतं सापडू द्या. बरेच दिवस लागतील. चिडू नका, चिडलं की काही होत नाही, हे मी सांगतोय म्हणजे बघा.

आता तू.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिला वास जायला हवा. पूर्ण. पिशवीत ठेवून चालणार नाही, पेटीत नाही, उशाशी तर नाहीच. मी म्हटलं, टाकून देऊ? त्या म्हणाल्या, "तुझा आहे का टाकायला?" बाईंच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही.

म्हणून मी तो धुतला. दुकानात एकच टब आहे, पंक्चरचा. गरम पाणी, हात धुवायची पावडर, ग्रीस जातं ती. स्वेटर वर वर येत होता, लोकर हवा धरते. दोन्ही हातांनी तळाशी दाबून धरला. बुडबुडे यायला लागले, बाहीतून, गळ्यातून, कुठून कुठून. पंक्चरवाल्याची सवय, मी बघत राहिलो. दाजी शेजारी येऊन उभे राहिले. एरवी त्यांनी काहीतरी विनोद केला असता. म्हणाले, "पाणी बदल," आणि दुसरी बादली आणून दिली.

भुंग्याने वाळलेला स्वेटर हुंगला. पुन्हा हुंगला. तोंड फिरवलं. मला काय वाटलं ते लिहायची बंदी आहे.

मग नवीन खेळ. बाईंनी सांगितलेला: जे पूर्ण सापडू शकतं तेच लपव. मी ट्रकच्या टायरांची चळत रचली आणि आत उतरून उकिडवा बसलो. दाजींनी त्याला सोडला. "त्याला शोध."

आतून काही दिसत नाही, रबर आणि वर गोल आभाळ. नखांचा आवाज ऐकू येत होता. तो सरळ मागच्या भिंतीकडे गेला. तुमच्या बोळाकडे. तिथे थांबला. मला हाक मारावीशी वाटली, अरे इकडे आहे मी, गाढवा, इकडे! पण मी सुजलेली मूठ तोंडात घातली आणि गप्प बसलो. एक गिऱ्हाईक आलं होतं, चाक बदलायचं होतं. दाजी त्याला म्हणत होते, "कारागीर टायरमध्ये भरलाय, जरा दम धरा, कुत्रा काढेल."

भिंतीपाशी काहीच आवाज नव्हता. मला वाटलं, संपलं. हा आता जन्मभर तिथेच उभा राहणार.

मग नखं हलली. एक चळत. दुसरी चळत. माझ्या टायरांना बाहेरून धक्का बसला. आणि वरच्या गोल आभाळात आधी नाक आलं, मग तपकिरी डोळा, मग निळा. गुंऽऽ. तो वरून माझ्या अंगावरच पडला, सगळ्या पायांनी. चळत कोसळली. गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या. भुंग्याने माझं तोंड, कान, सुजलेला हात, सगळं तपासलं. कुठलंच दार बघायला गेला नाही. माझ्या मांडीवर मान टाकली आणि झोपला. मला पाय हलवता येईना, ते चाक दाजींनाच बदलावं लागलं.

आता आम्ही ताईच्या घरी राहतो, तिथल्या मागच्या खोलीत. भिंतीपासून दूर. गल्लीतल्या शिंप्याची कुत्री पडदे फाडते म्हणून तो तिला दुपारी माझ्याकडे आणून सोडतो. सकाळी मी नसतो तेव्हा दाजी दोघांच्या ट्यूब भरून देतात. सकाळी खिशात पुन्हा बसचं तिकीट घेऊन मी कुठे असतो? ते स्वतःबद्दल झालं. बंदी आहे.

राग गेलेला नाही. उगाच समजूत करून घेऊ नकोस. तीन वाक्यांचा आहे, फोनचा आहे, नळाचा तर आहेच. पण अटीप्रमाणे मी तुला फक्त तुझ्या कुत्र्याबद्दल लिहू शकत होतो, आणि आता तो तुझा नाही. म्हणजे लिहायला काही उरलं नाही.

स्वेटर सोबत पाठवतोय. गरम पाण्याने आटलाय. तुला आता होणार नाही.